बेल वाहतात त्या देवाचं नाव

नसीमआपाच्या टेबलावर बाईला दोन गोष्टी द्याव्या लागत. आधी उखाणा, मग नमुना. नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतल्याशिवाय आपा पेनाचं टोपण काढत नसे, आणि टोपण निघाल्याशिवाय बाईला पडद्याआड जाता येत नसे. शिबिराला पाहुणे म्हणून आलेल्या साहेब लोकांना हा प्रकार फार गोड वाटायचा. "बायकांची भीती घालवायची छान युक्ती आहे," असं म्हणत ते मोबाइल काढून शूटिंग करायला लागत. आपा शूटिंग करू देत नसे. मी शेजारच्या टेबलावर स्लाइडच्या पेट्या लावत मान खाली घालून बसायचे. त्यात युक्तीबिक्ती काही नव्हती, आणि हे माहीत असलेली दुसरी एकच बाई त्या खोलीत असायची. ती मी.

आमचं काम करायला सोपं आणि गावात बोलायला अवघड. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग व्हायच्या आधीच तो कुठे मूळ धरतोय का, ते शोधायचं. वाशीम जिल्ह्यात गावोगाव हिंडायचं, शाळेची एखादी खोली मागून घ्यायची, आणि तिशी ओलांडलेल्या बायकांचे दोन-दोन नमुने घ्यायचे. एक काचेच्या स्लाइडवर पसरायचा. त्यातल्या पेशी बिघडल्यात का, ते मायक्रोस्कोपखाली माणसाच्या डोळ्यांनी बघायचं. दुसरा ट्यूबमधल्या औषधाच्या पाण्यात घालून नागपूरला पाठवायचा. तिथे यंत्र त्यात एका विषाणूचा डीएनए सापडतो का, ते बघतं. हा विषाणू पुष्कळ बायकांच्या अंगात येतो आणि मुकाट्यानं निघून जातो. काहींच्या अंगात मात्र मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षं पेशी नासवत बसतो. दोन्ही नमुने स्वच्छ निघाले तर बाई पुढची काही वर्षं निर्धास्त. एकातही खोट दिसली तर तिला परत बोलवायचं.

मी स्लाइडवाली. अकरा वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावला होता आणि मला त्याचा माज होता, लपवत नाही. प्रकल्पात ट्यूब आली तेव्हा मी नाक मुरडलं. पेशी बघितल्याशिवाय यंत्राला काय कळणार, असं चारचौघांत बोललेही. आपा तेव्हा बडीशेप चघळत ट्यूबांना लेबलं लावत होती.

"स्लाइड अन् ट्यूब ह्या दोघी जावा हायत पोरी," ती म्हणाली. "एकमेकीच्या चुका काढतात, म्हणून तं घर धड राह्यते."

आपा मंगरुळपीरची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात गेली, आणि तिथून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्यात आली. ठेंगणी, अंगानं भरलेली, चश्मा दोरीला अडकवून गळ्यात. पांढऱ्या कोटाच्या एका खिशात पेन आणि काचेवर लिहायची पेन्सिल, दुसऱ्यात बडीशेपेची डबी. दिवसभर तोंड चालू. ते चालायचं थांबलं की समजायचं, कुठेतरी काहीतरी बिनसलंय.

तिच्याबरोबर एक जुना थर्मास असे. त्यात ऊन पाणी. तपासणीचं लोखंडी हत्यार ती आधी त्या पाण्यात धरायची, मग स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, आणि मगच बाईला लावायची. डॉक्टर एकदा म्हणाले, आपा, यात वेळ जातो. आपा म्हणाली, "तुमी बसून पाहा नं सायेब थंड्या लोखंडावर." डॉक्टरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

बायकांना कमरेला गुंडाळायला दवाखान्याची चादर देत नसे ती. तिचा नवरा मंगरुळपीरला शिलाईचं दुकान चालवायचा. उरलेल्या कापडांचे घेर शिवून, नाडी घालून तो द्यायचा. एकेका घेरात चार-चार रंग. "आमच्या टेलरनं शिवले," असं ती सांगायची. टेलर हेच त्याचं नाव. आम्हीसुद्धा टेलरचाचाच म्हणायचो, खरं नाव विचारायची वेळ कधी आली नाही.

बायका वळवायची तिची तऱ्हा वेगळीच. शिरपूरला एक सासू सुनेला हाताशी धरून दारातच बसली. सुनेला काही झालेलं नाही आणि ती आत जाणार नाही, असा तिचा हेका. आम्ही सगळे समजावून थकलो. आपानं सुनेकडं बघितलंसुद्धा नाही. सासूपुढं घेर धरला आणि म्हणाली, "तुले पाह्यल्यावर वाटते, हिचंच पाह्यलं पाह्यजे आधी. चाल." सासू इतकी गांगरली की उठून आत गेली. बाहेर आली ती थेट ओट्यावर जाऊन बाकीच्या बायकांना सांगायला लागली, काही दुखत नाही वं, गरम-गरमच लागते. मग रांग लागली, आणि रांग लावायला तीच सासू उभी राहिली.

उखाण्याचं खूळ मात्र आधी नव्हतं. ते कुठून आलं, ते सांगितल्याशिवाय आपा सांगून होणार नाही.

मेडशीच्या अलीकडे रस्ता सोडून आत एक वस्ती आहे. पोळा होऊन गेल्यावर तिथल्या शाळेत आमचं शिबिर होतं. दसरा उलटला की वस्तीतली बरीच माणसं ऊसतोडीला जाणार, त्याआधी बायका गाठायच्या म्हणून आम्ही एका दिवसात जमेल तेवढ्या उरकत होतो. सगळी वस्ती एका भावकीची. जिकडे तिकडे घुगे.

दुपारी एक बाई आपासमोर बसली. अडतीसेक वर्षांची, काटक. आपानं नाव विचारलं.

"कांता."

"मालकाचं नाव?"

बाईनं पदर दातात धरला. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही तिकडची जुनी रीत. अशा वेळी आम्ही मागच्या बाईला विचारून भागवायचो. आपानं मागच्या बाईकडं बघितलं.

"मी कशी घेऊ आपा? थे माहे भासरे लागतात," ती म्हणाली. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, त्याचंही नाव घ्यायचं नसतं. "बेल वाह्यतात नं ज्याले, त्या देवाचं नाव हाय."

आपाचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात आधीच्या बाईची ओली स्लाइड होती, वाळायच्या आत ती स्पिरिटमध्ये जायला हवी होती, आणि बाहेर रांग कुरकुरत होती. मी मान वर न करता म्हटलं, "शंकर. लिहा, आपा."

आपानं लिहिलं. फॉर्मवर, ट्यूबवर, स्लाइडच्या खरखरीत काठावर पेन्सिलीनं. कांता शंकर घुगे, नंबर एक्केचाळीस. कांता काही बोलली नाही. पुढे कळलं, तिला वाटलं, देव तर तोच आहे, मग नाव कोणतं का लिहिनात.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आले. एक्केचाळीस नंबरची स्लाइड मीच वाचली होती, स्वच्छ. ट्यूबमध्ये मात्र विषाणू सापडला, तोही सोळा नंबरचा. या विषाणूच्या जातींना नंबर आहेत, त्यात सोळा सगळ्यात दांडगा. तो निघाला की स्लाइड कितीही स्वच्छ असो, बाईला बोलावून दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघायचंच, असा नियम. फॉर्मवर आपाच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: मधूनच अंगावरून लाल जातं.

यादीत सतरा नंबरलाही एक कांता शंकर घुगे होती. तिचं सगळं स्वच्छ. एकीनंच दोनदा नंबर लावला असेल, असं म्हणून ऑफिसनं दोन्ही कागद एकत्र टाचले, आणि वस्तीवरच्या आशाताईला निरोप दिला की कांता शंकर घुगेला घेऊन वाशीमला या.

गुरुवारी अकोल्याचे डॉक्टर यायचे. आशाताई सकाळी पहिल्या गाडीनं बाईला घेऊन आली. डॉक्टरांनी निवांत तपासलं. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "आपा, काहीसुद्धा नाही. ट्यूब घेताना गडबड झाली असेल. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ठेवून द्या फाइल."

खरं सांगते, मला आनंद झाला. बाई सुटली याचा कमी, माझी स्लाइड जिंकली याचा जास्त. ते बोलून दाखवायला मी आपाकडं वळले तर तिचं तोंड बंद होतं. बडीशेप गालात तशीच. एक्केचाळीस नंबरचा फॉर्म तिच्या हातात होता.

"कांता, तुले लेकरं किती?"

"दोन. दोन्ही पोरी, दिल्या घरी."

"एखादं गेलं काय?"

"नाई बाप्पा."

आपानं फॉर्म माझ्यापुढं धरला. बाळंतपणं चार, एक मूल गेलेलं. डॉक्टरांनीही वाकून बघितलं. "अहो, यात वयसुद्धा चुकलंय," ते म्हणाले. "ही पन्नाशीची आहे. गावात कोण खरं सांगतं?"

"वय चुकवते सायेब बाई," आपा म्हणाली. "लेकरं नाई चुकवत. गेलेलं तं मुळीच नाई." मग ती पुन्हा कांताकडं वळली. "तुह्या वस्तीत अजून कोणी कांता हाय?"

"हाय नं. महादेवची कांता. पण थे आज चालले नं उसाले. सकाळीच ट्रक लागला व्हता. बारा वाजता हालन म्हणत व्हते."

महादेव. बेल वाहतात त्या देवाचं दुसरं नाव. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. आपालाही कळलं होतं, आणि तरी तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ते मला जास्त लागलं.

प्रकल्पाची जीप त्या दिवशी इंझोरीच्या शिबिराला गेली होती. आशाताईनं वस्तीवर फोन लावले. एक बंद, एक उचलेना. मी म्हटलं, मुकादमाचा नंबर मिळवू, निरोप देऊ. आपा कोट काढत होती.

"काय निरोप देतं? पॉझिटिव्ह निघाली म्हणून? संध्याकाळपर्यंत अर्धी वस्ती म्हणन, तिले एड्स झाला. नवरा तिले माहेरी नेऊन सोडन. तोंडानं सांगा लागते हे, तिच्या कानात. चाल."

अकोल्याची एसटी मिळाली. आपा खिडकीशी, मी शेजारी, मागे आशाताई आणि ती दुसरी कांता. गाडी हात दाखवेल तिथे थांबत होती. एका ठिकाणी म्हातारा पिशव्या चढवत राहिला, एका ठिकाणी सुट्ट्या पैशांवरून वाद. मालेगावच्या स्टँडवर ड्रायव्हर उतरला आणि चहाच्या टपरीकडं चालू लागला. सव्वाअकरा होऊन गेले होते. आपा त्याच्यामागं उतरली. लांबून मला एवढंच दिसलं की ती काहीतरी बोलली आणि त्यानं अर्धा ग्लास तसाच ठेवला.

"काय म्हटलं त्याला?" गाडी सुटल्यावर मी विचारलं.

"म्हटलं, माही सून अडली हाय बाळंतपणात."

"आपा, तुम्हाला सून कुठे आहे?"

"खोटं बोल्ली," ती म्हणाली. "खोटं लिवलं तं नाई नं."

फाट्यावर उतरलो तेव्हा बाराला दहा कमी होते. तिथून वस्ती दोनेक किलोमीटर आत. आपाचे गुडघे दुखायचे, एरवी ती दोन पायऱ्या चढतानाही भिंत धरायची. त्या दिवशी ती आमच्यापुढं चालत होती. दोन्ही बाजूला सोयाबीन काढलेली मोकळी रानं, ऊन सपाटून. मी तिला गाठलं आणि म्हटलं, "आपा, ते शंकर मी..."

"चालत राह्य पोरी. बोलू नको, दम लागते."

शाळेसमोर ट्रक उभा होता, इंजिन चालू. वर बायका, पोरं, बाजा, भांडी, बोचकी, एक शेळीसुद्धा. मुकादम केबिनच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. आपा सरळ ट्रकच्या तोंडापुढं जाऊन उभी राहिली. धाप लागलेली, कपाळावरून घाम. तिनं वर नजर फिरवली, आणि दोराला धरून उभ्या असलेल्या एका बाईवर ती थांबली. बाईनं पदर दातात धरला होता.

आता मला कळेना की ही काय करणार. एवढ्या माणसांत रोगाचं नाव काढता येत नव्हतं. उतर म्हटलं तर का म्हणून विचारतील. ट्रक तर हलायला आलेला.

"कांता!" आपा ओरडली. "तुह्या कागदावर मालकाचं नाव चुकलं हाय. तुह्या तोंडानं नाव घे, मग जाय!"

ट्रकवर हशा पिकला. "घे नं वं नाव," बायका तिला ढोसायला लागल्या. "लगनात घेतलं नव्हतं काय?" मुकादम तापला. "उखाणे कायले घेता इथं? उशीर होऊन राह्यला!" पण आता गड्यांनाही मजा वाटायला लागली होती, कोणी त्याचं ऐकेना. कांता लाजून लाल झाली. तिनं आपाकडं बघितलं. आपा हसत नव्हती. ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं पदर दातांतून सोडला आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"ट्रकात बसली लेकरं, वर बांधली मोळी,
महादेवरावांचं नाव घेते, थांबवा जराशी टोळी."

टाळ्या पडल्या. आपानं हात वर केला, आणि कांता त्या हाताला धरून उतरली. दोघी शाळेच्या भिंतीआड गेल्या. मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आपानं तिची दोन्ही मनगटं धरली होती. कांताची मान आधी नुसती हलत होती, मग हलायची थांबली. मग तिनं ट्रकवरच्या तिच्या तीन पोरांकडं बघितलं.

नवरा खाली उतरला तो रागानंच. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. बायको मागं राहिली तर उरतो तो अर्धा कोयता, त्याला कोणी टोळीत घेत नाही. "तिचा कागद आला नाई म्हणजे चांगलं हाय, असं आशाताईच म्हणे नं!" तो म्हणाला. आशाताई खाली बघायला लागली. आपा सगळ्यांसमोर पुढं आली.

"आशाताईची नाई, चूक माही हाय. हिचं नाव म्या दुसरीच्या नावावर लिवलं. त्यापायी हिची तपासणी राह्यली. थे कराच लागते, अकोल्याले, आजच्या आज."

"चूक तुमची अन् टोळी माही जाते? लिवता येत नाई तं पेन घेऊन बसता कायले?"

ट्रकवरून कोणीतरी म्हणालं, "त्यायले आपल्या देवायचे नावं काय समजतात!"

मी दोन पावलांवर उभी होते. लहानपणापासून दर श्रावण सोमवारी बेलाची पानं मोजून वाहिलेली मी. त्या देवाला शंकर म्हणतात तसं महादेवही म्हणतात, हे माझ्याइतकं तिथे कोणाला माहीत नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी चुकले, एवढंच. मी ट्रकच्या चाकाकडं बघत राहिले.

"व्हय बापा," आपा म्हणाली. "चुकलंच माह्यं."

मग कांताच बोलली. नवऱ्याकडं न बघता, मुकादमाकडं बघून. "आमी येत नाई आज. जा तुमी." महादेवनं एकदा तिच्याकडं बघितलं. मग ट्रकवर चढला, वळकटी खाली फेकली, भांड्यांचं बोचकं फेकलं, आणि तिन्ही पोरं एकेक करून उतरवून घेतली. ट्रक गेला.

संध्याकाळी अकोल्याला परतल्यावर त्याच डॉक्टरांनी तिला बघितलं. तो कर्करोग नव्हता, पण त्याच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं. तेवढा भाग विजेच्या तारेनं काढून टाकला. कांता त्याच आठवड्यात घरी आली, आणि महिन्याभरानं दुसऱ्या टोळीबरोबर दोघं उसाला गेली. पुढच्या वर्षीच्या तपासणीत तिचे दोन्ही नमुने स्वच्छ निघाले. आता वस्तीतल्या नव्या सुनांना शिबिराला तीच घेऊन येते.

मी एक्केचाळीस नंबरची स्लाइड पुन्हा काढली. दार लावून बसले आणि कोपरा न् कोपरा बघितला. एका काठाला, रक्ताच्या डागाखाली, चार-पाच पेशी होत्या. आतलं केंद्र मोठं, काळपट, वेडंवाकडं. नवशिक्यालाही खटकतील अशा. पहिल्या वेळी मी त्यांच्यावरून पुढं गेले होते. म्हणजे त्या बाईच्या बाबतीत मी दोनदा चुकले, आणि दोन्ही वेळा घाईत. आपाला दाखवलं तेव्हा ती रागावेल असं वाटलं. तिनं डोळा लावून बघितलं, तिला त्यातलं फार कळत नसावं. "म्हणून तं दोघी जावा ठेवल्या," एवढंच म्हणाली.

ऑफिसनं लेखी खुलासा मागितला. आपानं माझ्यासमोर बसून लिहिला. नाव मी लिहिलं, चूक माझी. खाली सही. मी म्हटलं, "आपा, मी सांगते खरं काय ते."

"पेन कोणाच्या हातात व्हता?"

"तुमच्या."

"मग झालं तं."

त्या वर्षी तिला पर्यवेक्षक करणार होते. ते राहिलं. ती जागा मला मिळाली, आणि मी घेतली. हे लिहितानाही हात अडतो, पण घेतली हे खरं आहे.

पुढच्याच शिबिरापासून उखाणा सुरू झाला. मागच्या बाईला विचारणं बंद, ओळखून लिहिणं बंद. बाईनं स्वतःच्या तोंडानं नाव घ्यायचं, आपानं ते लिहून तिला तीनदा वाचून दाखवायचं. तोंडानं घेणार नाही म्हणून एक आजी पाऊण तास अडून बसली, आपाही पाऊण तास टोपण लावून बसली. शेवटी आजीनं घेतलं, तेही खणखणीत: "तुरीच्या शेंगेत दाणे चार, देवरावांचं नाव घेते, उघडा दवाखान्याचं दार." सगळी रांग हसली. मी हसले नाही, आणि आपाही नाही.

चार वर्षं अशी गेली. मी दर वर्षी तिला म्हणायचे, आपा, तुमचाही नमुना देऊन टाका एकदा. "पाहू नं, आधी ह्या बाया होऊ दे," असं म्हणून ती पुढची बाई बोलवायची. हजारो बायकांना आडवं केलेली ही बाई स्वतः त्या टेबलावर कधी झोपली नव्हती.

गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा तिनं काम सोडायचं ठरवलं. शेवटचं शिबिर इंझोरीला. चारच्या सुमाराला शेवटची बाई गेली. आपा थर्मास पिशवीत ठेवायला लागली. मी तिच्या खुर्चीत जाऊन बसले, पेन समोर ठेवलं, टोपण लावलेलंच.

"बसा," मी म्हटलं.

निरोप द्यायला आलेले अकोल्याचे डॉक्टर होते, नवी सिस्टर होती, सगळे हसले. आपाचं तोंड चालायचं थांबलं. "आता कायले? बासष्ट वर्षाची झाली मी."

"पासष्टपर्यंत घेतो आपण. बसा."

ती बसली. खुर्चीच्या अगदी काठावर, तिच्या समोर बायका बसायच्या तशी.

"नाव?"

"नसीम."

"मालकाचं?"

आपानं दुपट्टा सारखा केला. मला वाटलं ती नुसती लाजतेय. पण डोळे चश्म्यावरून माझ्याकडंच लागलेले. "लिव नं," ती म्हणाली. "चांदाचं नाव हाय."

चांद. महताब? कमर? मला खरंच माहीत नव्हतं. मी पेनावरचा हात काढून घेतला.

"मी ओळखून लिहिणार नाही, आपा. एकदा ओळखून सांगितलं होतं." मग मी डॉक्टरांकडं वळले. "सर, मेडशीच्या शिबिरात 'शंकर' मी सांगितलं होतं. आपांनी विचारलं होतं. मी मान वर न करता सांगितलं."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले, मग आपाकडं. माफ केलं, जाऊ दे, असं काही आपा म्हणाली नाही. टेबलावरचं पेन उचलून तिनं माझ्या हातात दिलं.

"काढ टोपण," ती म्हणाली, आणि खाली बघत, बारीक आवाजात तिनं नाव घेतलं.

"पडद्याआड जाते, धडधडते छाती,
कमरुद्दीनचं नाव घेते, सुईदोरा ज्याच्या हाती."

मी लिहिलं. ट्यूबवर, स्लाइडवर, फॉर्मवर. तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं लेबल स्वतः हातात घेऊन एकदा वाचलं आणि मान हलवली. तिचे दोन्ही रिपोर्ट पुढे स्वच्छ आले. तिची स्लाइड मी किती वेळा बघितली, ते कोणाला सांगितलेलं नाही.

पण आपा म्हटलं की मला ते रिपोर्ट आठवत नाहीत. टेलरचाचानं शिवलेला चार रंगांचा घेर हातात घेऊन ती पडद्याआड गेली. पडद्याखाली तिच्या चपला दिसत होत्या, एकीशेजारी एक, नीट लावून ठेवलेल्या. नवी सिस्टर हातमोजे घालत होती. आतून आवाज आला, तिचा वाटू नये इतका बारीक.

"पोरी, पाणी ऊन हाय नं?"

मी पिशवीतून थर्मास काढला, थोडं पाणी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून बघितलं.

"आहे, आपा," मी म्हटलं.